उकिडवी बसणारी पोर

ताईची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. अंगणात कोंबडीच्या पिलांमागे दहा-बारा पावलं धावायची आणि मध्येच थांबून उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर, हातांची मिठी पायांना. मिनिटभर तशीच. मग उठून पुन्हा पिलांमागे. "कशी म्हातारीवानी बसलीया बघा," असं म्हणून तिची आजी हसायची, आम्हीही हसायचो. मी तर मोबाइलवर तिचा तसा फोटोही काढला होता.

पुढे काही महिन्यांनी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात तो फोटो मी डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ही दमून बसलेली नाही. ही स्वतःवर उपचार करतेय."

अडीच वर्षांची पोर, जिला अजून स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, ती कुणी न शिकवता स्वतःच्या हृदयावर उपचार करत होती. त्या वाक्याने मला जे कुतूहल लागलं, ते अजून सुटलेलं नाही. हा लेख त्यातूनच आला आहे.

ताईचं सासर करमाळा तालुक्यात. दाजी दूध संकलन केंद्रावर कामाला. पोर लहानपणापासून किरकिरी, रडली की ओठ काळेनिळे पडायचे. गावात कुणी म्हणे दृष्ट लागली, तालुक्याच्या एका डॉक्टरांनी कफ सांगितला आणि वर्षभर खोकल्याच्या बाटल्या चालल्या. पण सगळा दोष त्यांचाही नाही. आपल्या सावळ्या कातडीवर निळी छटा चटकन ओळखू येत नाही. ती पाहायची तर ओठांच्या आत, जिभेवर, नखांखाली पाहावी लागते. शिवाय रक्ताची एक गंमत आहे. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५ ग्रॅमच्या पुढे गेलं, तरच डोळ्यांना निळेपणा दिसतो. ज्या मुलाचं हिमोग्लोबिनच मुळात कमी, त्याच्यात एवढा निळा साठा जमतच नाही. म्हणजे आपल्याकडचं अशक्त, रक्त कमी असलेलं मूल आतून गुदमरत असलं तरी वरून निळं दिसत नाही. एक आजार दुसऱ्यावर पांघरूण घालतो.

ते पांघरूण निघालं अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी गावात येते. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरला झाली होती. पथकातल्या डॉक्टरांनी वजन केलं, दंडाचा घेर मोजला, आणि मग तिची बोटं हातात घेऊन जरा जास्तच वेळ पाहत राहिले. बोटांची टोकं गोल, फुगीर, टिपरीच्या टोकासारखी. त्यांनी पिशवीतून कपड्यांच्या चिमट्यासारखं एक यंत्र काढून बोटाला लावलं. आकडा आला ७६. "पेपरात पास झाली म्हणायची," ताई मला फोनवर म्हणाली. तिला वाटलं, शंभरपैकी शहात्तर म्हणजे बरंच की.

करोनाच्या काळात घरोघरी गेलेल्या त्या चिमटीकडे मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. ती बोटातून दोन प्रकारचा उजेड सोडते, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेलं रक्त आणि रिकामं रक्त हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरांमधलं परतीचं रक्त आहे. त्यातून धमनीतलं ताजं रक्त वेगळं कसं ओळखायचं? १९७४च्या सुमारास जपानमधल्या ताकुओ आओयागी नावाच्या अभियंत्याला त्याचं उत्तर सापडलं: जे धडधडतं तेच धमनीतलं. कातडी धडधडत नाही, हाड धडधडत नाही. उजेडातला फक्त हलणारा हिस्सा मोजायचा आणि स्थिर हिस्सा सोडून द्यायचा. एका थेंबालाही हात न लावता रक्ताची बातमी कळते. निरोगी मुलात हा आकडा ९५च्या वर असतो. शहात्तर म्हणजे पास नव्हे.

जिल्ह्याच्या ठिकाणी टू-डी इको झाला. अंधारी खोली, छातीवर गार जेल, आणि पडद्यावर लाल-निळे लोळ. ताई पडद्याकडे बघून रडायला लागली. "एवढं निळं रक्त?" तंत्रज्ञाने तिला समजावलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. त्या रंगांचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नसतो. रक्त तपासणीच्या दांडीकडे येत असेल तर लाल, दूर जात असेल तर निळं, एवढंच. हे यंत्र आलं कुठून, तर जहाजांच्या कारखान्यातून. धातूच्या पत्र्यात कुठे चीर आहे ते ध्वनिलहरी सोडून शोधणारं उपकरण तिथे असे. स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी तसलं उपकरण मागून आणलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी ते हृदयावर लावून पाहिलं. लोखंडातली भेग शोधणाऱ्या लहरींना धडधडणाऱ्या पडद्यांच्या हालचाली दिसल्या.

अहवाल इंग्रजीत होता. घरी मात्र एकच शब्द पोहोचला: भोक. "काळजाला भोक हाय," आजीने शेजारणीला सांगितलं. (मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि गाण्यात काळीज म्हणजे हृदय. मराठीने हा घोळ का करून ठेवलाय देव जाणे.) हा शब्द ऐकल्यावर घरात सुतक पडावं तशी शांतता झाली. आणि इथेच मला पहिला मोठा धक्का बसला. मी वाचायला लागले तेव्हा कळलं की हृदयाला भोक आपल्या सगळ्यांनाच होतं. तुम्हाला, मला, दाजींना. ते नसतं तर आपण जन्मलोच नसतो.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. तिथे श्वास नाही, त्यामुळे तिथे रक्त पाठवून उपयोगही नाही. प्राणवायू येतो आईकडून, वारेतून, नाळेतून. मग निसर्गाने काय केलं? हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या भिंतीत एक झडपेचं भोक ठेवलं, आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून महाधमनीला जोडणारी एक आडवाट काढली. नाळेतून आलेलं ताजं रक्त उजव्या कप्प्यात शिरतं आणि त्या भोकातून थेट डावीकडे, तिथून मेंदूला आणि खुद्द हृदयाला. त्याच उजव्या कप्प्यात वरून डोक्याकडचं वापरलेलं रक्तही येतं. ते मात्र खाली वळतं, आडवाटेने शरीराच्या खालच्या भागाकडे आणि वारेकडे परत जातं. एकाच खोलीत दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात आणि फारसे मिसळत नाहीत. खोली केवढी, तर द्राक्षाच्या मण्याएवढीही नाही.

मग जन्म. बाळ पहिला टाहो फोडतं, फुप्फुसं उघडतात, तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, आणि इतके महिने बंद असलेल्या वाटेने रक्ताचा लोंढा आत शिरतो. तो डाव्या कप्प्यात परत येतो तेव्हा तिथला दाब वाढतो आणि त्या दाबाने भोकावरचा पडदा भिंतीला चिकटतो, वाऱ्याने दार लागावं तसा. आडवाटेच्या भिंतीतल्या स्नायूला वाढलेला प्राणवायू जाणवतो. वारेकडून येणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायनही आता थांबलेलं असतं. स्नायू आवळतो आणि दोन-तीन दिवसांत वाट मिटते. आपल्या प्रत्येकाच्या छातीत त्या मिटलेल्या वाटेचा दोरीसारखा अवशेष आजही आहे. झडपेचं भोक तर चारांतल्या एका मोठ्या माणसात पुरतं बुजतही नाही, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. प्रसूतीच्या खोलीत सगळे बाळाच्या रडण्याकडे कान देऊन असतात. त्या रडण्यासरशी आत एका इंद्रियाची सगळी जोडणी बदलत असते.

तेव्हा भोक हा शब्दच अपुरा आहे. कुठलं भोक, कुठे, केवढं, आणि त्यातून रक्त कोणत्या दिशेने जातंय, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला घाबरण्यात अर्थ नाही, आणि त्यावर निर्धास्त होण्यातही नाही.

भाचीचं भोक होतं खालच्या दोन कप्प्यांमध्ये, आणि ते एकटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. गर्भधारणेनंतर २२व्या दिवसाच्या आसपास हृदय धडधडू लागतं. तेव्हा ती नुसती एक नळी असते. ती वळते, वाकते, तिच्यात भिंती उगवतात. हृदयातून निघणारी मोठी वाहिनी सुरुवातीला एकच असते. तिच्या आत एक भिंत पीळ घेत उतरते आणि तिचे दोन भाग करते, एक फुप्फुसाकडे जाणारा, एक शरीराकडे. ही भिंत बांधायला ज्या पेशी लागतात त्या हृदयातल्या नसतातच. त्या गर्भाच्या पाठीकडून, डोक्याच्या मागल्या बाजूच्या मज्जेजवळून निघतात आणि चालत छातीपर्यंत येतात. आठव्या आठवड्यापर्यंत सगळं बांधकाम उरकलेलं असतं. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीसुद्धा झालेली नसते.

या बांधकामात भाचीची भिंत थोडी पुढे सरकली. बस, एवढंच. पण भिंत पुढे सरकली म्हणून फुप्फुसाकडचं दार अरुंद झालं. ती खालच्या भिंतीला जाऊन मिळाली नाही म्हणून भोक राहिलं. त्यामुळे महाधमनी बरोबर त्या भोकावर स्वार झाली. आणि अरुंद दारातून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याचा स्नायू जाड झाला. मार्सेलच्या आर्थर फालो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८मध्ये या चार गोष्टींची नीट मांडणी केली, म्हणून आजही या आजाराला फालोची चौकडी म्हणजे टेट्रॅलॉजी ऑफ फालो म्हणतात. मला विचाराल तर हे नाव आईबापांना उगाच घाबरवतं. "चार-चार दोष?" म्हणून दाजी खालीच बसले होते. दोष एकच होता, पायरी चुकल्यासारखा; त्या चारही गोष्टी त्याच्या मागून घरंगळत आल्या.

आता त्या उकिडव्या बसण्याकडे येऊ. उजव्या कप्प्यातल्या निळ्या रक्तापुढे दोन वाटा: अरुंद दारातून फुप्फुसाकडे, किंवा भोकातून सरळ महाधमनीत. पोर धावली की शरीराच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, महाधमनीकडची वाट आणखी सोपी होते, आणि निळं रक्त फुप्फुसाला टाळून तिकडेच पळतं. उकिडवं बसलं की पायांच्या मोठ्या वाहिन्या जांघेत आणि गुडघ्यात दाबल्या जातात. शरीराकडच्या वाटेवर अडथळा वाढतो. ती वाट अवघड झाली की रक्ताला अरुंद दारातून का होईना, फुप्फुसाकडे जावंच लागतं.

हे मी आजीला सांगायचा प्रयत्न केला. दाब, अडथळा वगैरे शब्द वापरून झाले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजी पोर बसून दारं धरतीया."

ज्यांनी उसाला पाणी पाजलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही. पाटाचं पाणी एका सरीत नको असेल तर तिच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा, म्हणजे ते दुसऱ्या सरीत वळतं. त्याला दारं धरणं म्हणतात. हृदयरोगावरच्या अनेक पानांत मला याहून नेमकं स्पष्टीकरण मिळालेलं नाही. या आजारात तान्ह्या बाळाला निळं पडण्याचा झटका आला तर आईने त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत, असं डॉक्टर शिकवतात. तेही दारं धरणंच.

मुंबईच्या वॉर्डात महिना गेला. रक्ताच्या तपासण्या, दातांची तपासणी, मध्येच आलेल्या सर्दीमुळे पुढे ढकललेली तारीख, रेशनकार्डावरच्या आणि आधारवरच्या नावातला एका अक्षराचा फरक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवरचा आरोग्यमित्र हा पंचविशीचा पोरगा होता. त्याने ते अक्षर दुरुस्त करून घ्यायला दाजींना तहसीलपर्यंत पिटाळलं आणि तितक्याच चिकाटीने रोज मंजुरीची चौकशीही केली. ऑपरेशनला घरातून पैसा गेला नाही. गेले ते राहण्याचे, खाण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे. त्या हिशोबाला कुठली योजना नसते.

शेजारच्या खाटेवर जळगावकडचं पाच महिन्यांचं बाळ होतं. त्यालाही खालच्या भिंतीला भोक, पण ते निळं मुळीच नव्हतं. त्याची आई सांगायची, पहिला महिना छान गेला, मग दूध पिताना कपाळावर घाम यायला लागला, धाप लागायची, वजन भरेना. जन्मतः ठीक आणि महिन्या-दीड महिन्याने आजारी, असं का? कारण जन्मानंतर फुप्फुसांतला दाब हळूहळू उतरतो. तो उतरेपर्यंत भोकाच्या दोन्ही बाजूंना जोर सारखाच असतो, रक्त फारसं इकडचं तिकडे जात नाही. दाब उतरला की डावीकडचं रक्त उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत लोटतं. इथे आणखी एक उलटी गोष्ट आहे. लहान भोकाचा आवाज मोठा येतो, अरुंद बोळातल्या वाऱ्यासारखा. मोठं भोक बऱ्याचदा गप्प असतं. लहान भोकं कितीदा तरी आपोआप बुजतात. आणि वरच्या भिंतीतल्या काही भोकांना आता छाती उघडावीच लागत नाही. जांघेतल्या शिरेतून नळी घालून निकेल आणि टिटॅनियमच्या तारांची घडी केलेली जाळी पाठवतात. नळीतून बाहेर पडताच ती आपला मूळ आकार आठवून उघडते आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना बसते. वॉर्डातल्या बाया त्याला "छत्री बसवली" म्हणतात.

मोठं भोक मात्र वाट पाहत नाही. फुप्फुसांच्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षं जादा दाबाचा मारा झाला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. मग तिकडे जाणारा लोंढा कमी होतो, आणि मूल सुधारल्यासारखं वाटतं. धाप कमी, घाम कमी, वजनही भरतं. आईबाप म्हणतात, देवाने ऐकलं, आणि दवाखान्यात जाणं थांबवतात. तोच सगळ्यात वाईट काळ असतो. पुढे दाब उलटतो, रक्त उजवीकडून डावीकडे जाऊ लागतं, आणि मग ते भोक बुजवताही येत नाही. बुजवलं तर उजवं हृदय कोसळतं. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७मध्ये असा रुग्ण नोंदवला, त्यांचंच नाव या अवस्थेला आहे. इतकं फसवं बरं होणं मी दुसऱ्या कुठल्या आजारात पाहिलेलं नाही.

आणि याच वॉर्डात अशीही बाळं येतात ज्यांना भोक असतं म्हणूनच ती जगलेली असतात. मघाची ती पीळ घेणारी भिंत आठवा. तिने पीळ घेतलाच नाही तर दोन्ही मोठ्या वाहिन्या उलट्या जोडल्या जातात: निळं रक्त शरीरात फिरत राहतं, लाल रक्त फुप्फुसात. दोन वेगळी वर्तुळं, कुठेच गाठ नाही. अशा बाळाचं झडपेचं भोक आणि आडवाट मिटली की संपलं. म्हणून तिथे डॉक्टर प्रोस्टाग्लँडिनचं सलाइन लावतात, म्हणजे आईच्या पोटातला निरोप बाहेरून चालू ठेवतात, आणि आडवाट उघडी राहते. १९६६मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम रॅशकिंड यांनी तर नळीच्या टोकाला फुगा लावून तो झडपेच्या भोकातून ओढून काढला आणि भोक मुद्दाम फाडून मोठं केलं. एका खाटेवर भोक बुजवायची घाई, दुसऱ्या खाटेवर ते उघडं ठेवायची.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री दाजींना झोप नव्हती. आम्ही दोघं जिन्यात बसलो होतो. "मशीनवर ठेवणार म्हणाले. मशीन नव्हती तेव्हा काय करत असतील?" त्यांनी विचारलं. मी नुकतंच वाचलं होतं ते सांगितलं.

सुरुवातीला कुणाची हृदय उघडण्याची हिंमत नव्हती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी सव्वा वर्षाच्या एका निळ्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. म्हणजे मुद्दाम एक आडवाट काढली, निसर्गाने मिटवली होती तशी. कल्पना हेलन टॉसिग यांची. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून बाळांच्या छातीवर हात ठेवून त्या हृदयाची घरघर बोटांनी ओळखत. आणि ही जोडणी आधी कुत्र्यांवर करून, तंत्र बसवून, ऑपरेशनच्या वेळी ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून पुढचा टाका कुठे ते सांगणारे होते व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, कॉलेजची पायरी न चढलेले, कागदोपत्री सफाई कामगाराच्या पगारावर. हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६मध्ये.

"आणि आतलं भोक?" दाजींनी विचारलं.

त्यासाठी हृदय थांबवायला हवं, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी रक्त फिरवायला हवं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी यंत्राच्या जोरावर अठरा वर्षांच्या मुलीचं भोक बुजवलं, पण यंत्र भरवशाचं नव्हतं. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठातल्या वॉल्टन लिलेहाय यांनी दुसरा पर्याय काढला. शेजारच्या टेबलावर मुलाच्या बापाला झोपवायचं. मुलाचं निळं रक्त नळीने बापाच्या शिरेत, बापाच्या फुप्फुसातून लाल होऊन आलेलं रक्त पंपाने मुलाच्या धमनीत. पोटात असताना आई जे करते, तेच टेबलावर. पहिलं ऑपरेशन झालं २६ मार्च १९५४ला. ते मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव जाऊ शकतील अशी टीका झाली. तरी ४५ मुलांवर असं ऑपरेशन झालं आणि त्यातली २८ घरी गेली. एकही दाता दगावला नाही, मात्र एका आईला गंभीर इजा झाली. आणि भाचीच्या आजाराचं जगातलं पहिलं पूर्ण ऑपरेशन, ३१ ऑगस्ट १९५४ला, याच पद्धतीने झालं. दहा वर्षांचा मुलगा, त्याच्या रक्तगटाचा माणूस घरात मिळेना. शेजारच्या टेबलावर झोपायला रस्त्यांच्या खात्यात काम करणारा एक अनोळखी माणूस आला.

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी झोपलो असतो."

दुसऱ्या दिवशी ते साडेसातला पोरीला कडेवर घेऊन दारापर्यंत गेले. आत काय झालं ते नंतर परफ्युजनिस्टने सांगितलं. हा माणूस यंत्रावर बसून रोग्याचं रक्त फिरवतो, आणि घरचे लोक सहसा त्याला भेटतही नाहीत. छातीचं हाड उघडलं. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं. नळ्या जोडल्या. रक्त बारीक पोकळ धाग्यांच्या जुडग्यावरून जातं. धाग्यांच्या आत प्राणवायू, बाहेर रक्त. वाटेत ते गार केलं जातं, म्हणजे शरीराची भूक कमी होते. "आमच्या डेअरीच्या कूलरवानी," दाजी म्हणाले, आणि तो माणूस हसून म्हणाला, "अगदी तसंच, काका. आत पाणी, बाहेर दूध."

मग पोटॅशियमचं गार द्रावण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत सोडलं आणि हृदय थांबलं. जन्माच्या आधीपासून एकदाही न थांबलेलं. दीड तास ते तसंच होतं, तिच्या मुठीएवढं, निपचित. वाढलेला स्नायू कापला, दार रुंद केलं, भोकावर ठिगळ शिवलं. नंतर महाधमनीवर लावलेला चिमटा काढून हृदयाला कोमट रक्त दिलं. हृदयाला चालू करावं लागत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याची ठिणगी त्याच्या स्वतःच्या पेशींत असते. मेंदूने हुकूम द्यावा लागत नाही. पोटॅशियम धुतलं गेलं की ते आधी थरथरतं, मग एक ठोका, मग दुसरा.

अतिदक्षता विभागात एकालाच सोडत होते. ताई गाऊन, टोपी चढवून आत गेली आणि लगेच बाहेर आली. माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "अगं, नखं बघून ये. दुसऱ्याच कुणाचीतरी वाटतायत." संध्याकाळी मला पाच मिनिटं मिळाली. तोंडात नळी, छातीतून निघालेल्या दोन नळ्या, आणि पांढऱ्या पट्टीतून बाहेर आलेली पाच बोटं. नखं गुलाबी. चिमटीवर आकडा होता ९८.

बाराव्या दिवशी घरी सोडलं. तपासणी आता आयुष्यभर. रुंद केलेल्या दाराची झडप गळते, मोठेपणी ती कदाचित बदलावी लागेल. दातांची काळजी घ्यायची, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात. दिवाळीला मी करमाळ्याला गेले तेव्हा पिलांच्या कोंबड्या झाल्या होत्या. पोर त्यांच्यामागे अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत धावत गेली. आजी उंबऱ्यात बसून बघत होती, अजून सवयीने, आता बसेल, आता बसेल म्हणून. ती बसली नाही.

जन्मणाऱ्या साधारण शंभरातल्या एका बाळाच्या हृदयाच्या बांधणीत काही ना काही दोष असतो. आपल्या देशात वर्षाला अशी दोन लाखांहून अधिक बाळं जन्मतात. तुमच्या घरात नवं बाळ येणार असेल, तर प्रसूतिगृहातून निघण्याआधी एवढं विचारा: बाळ एक दिवसाचं झाल्यावर त्याच्या उजव्या हाताला आणि पायाला ती चिमटी लावून पाहिली का? आकडा ९५च्या खाली असेल किंवा हात आणि पाय यांच्यात तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर इको करून घ्या. आकडा चांगला आला म्हणून सगळंच कळलं असं नाही, जळगावचं ते बाळ या तपासणीत सुटलंच असतं. तेव्हा दूध पिताना कपाळावर घाम येतो का, तेही बघा. चिमटी लावायला पाच मिनिटं लागतात, आणि बाळाला टोचावंही लागत नाही.